पट्टी नसलेल्या गाडीचं ऑइल बघायचं कसं?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत गाडीच्या देखभालीच्या सूचना छापून येतात. वायपरचं रबर बदला, टायरची नक्षी बघा आणि ‘सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून ऑइल तपासा’. पहिल्या दोन सूचनांबद्दल आमचं काही म्हणणं नाही. तिसरी मुंबईतल्या पुष्कळ गाड्यांना लागू होत नाही, कारण त्यांना डिपस्टिकच नाही. शिवाय ‘थंड असताना’ हा सल्ला त्या गाड्यांच्या बाबतीत नेमका उलटा पडतो. इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणाऱ्या या डिपस्टिकला गॅरेजात पट्टी म्हणतात, म्हणून इथेही पट्टीच म्हणतो.

बॉनेट उघडून पिवळी किंवा नारिंगी कडी दिसली नाही, तर पट्टी हरवली किंवा मागच्या सर्व्हिसला कोणी परत लावायची विसरला असं समजू नका. बीएमडब्ल्यूच्या एन५२ या २००५ च्या सुमाराच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला पट्टी नव्हती, आणि नंतरच्या त्यांच्या अनेक इंजिनांनाही नाही. ऑडीच्या २००८ नंतरच्या ए४ मध्ये पट्टीच्या नळीला नुसतं बूच आहे. मर्सिडीजच्या कित्येक इंजिनांत नळी असते, पण तिच्यावर वर्कशॉपने काढायचं टोपण असतं आणि आत पट्टी नसते. जग्वार-लँड रोव्हर आणि व्होल्वोच्या काही डिझेल इंजिनांचंही असंच आहे. एकाच कंपनीच्या एका इंजिनाला पट्टी असते आणि दुसऱ्याला नसते, त्यामुळे बॉनेटवरचा बिल्ला बघून अंदाज बांधू नये, गाडीचं पुस्तक उघडावं. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्या नेहमीच्या गाड्यांना पट्टी आहे. त्यांच्या मालकांनी हे पत्र इथेच सोडलं तरी चालेल, फक्त पावसाचा भाग जरूर वाचावा.

हा विषय आता काढण्याचं कारण असं की या गाड्या आज आठ-दहा वर्षांच्या झाल्या आहेत. नव्या मध्यम गाडीच्या किमतीत जुनी ऑडी किंवा बीएमडब्ल्यू मिळते. ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडते आणि गल्लीतल्या गॅरेजात येते. तिथला मिस्त्री हुशार असतो, पण त्याची सवय पट्टीची असते.

पट्टीऐवजी या गाड्यांत सेन्सर असतो. तो इंजिनाच्या तळाशी, म्हणजे आपण ज्याला ऑइलचा चेंबर म्हणतो त्याच्या बुडाशी, खालून बसवलेला असतो. त्याचे दोन प्रकार जास्त दिसतात. जुन्या प्रकारात एक बारीक तार क्षणभर तापवतात आणि ती किती वेळात निवते ते मोजतात. तार ऑइलमध्ये जितकी जास्त बुडालेली, तितकी ती लवकर निवते. नव्या प्रकारात सेन्सर खालून वर अल्ट्रासोनिक लहर सोडतो, ती ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून परत येते आणि लागलेल्या वेळावरून उंची निघते. ऑइल जसं तापतं तसा त्यातला ध्वनीचा वेग बदलतो, म्हणून त्याच सेन्सरमध्ये तापमान मोजायचीही सोय असते. हे दोन्ही सेन्सर मोजतात ती फक्त उंची. ऑइल काळं आहे की पातळ, त्याला डिझेलचा वास येतो का, त्यात पाणी आहे का, यातलं त्यांना काहीच कळत नाही. पट्टी काढून बोटांत चोळली की हे सगळं कळायचं, आणि आमच्या मते पट्टी गेल्याने झालेलं खरं नुकसान हेच आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी. इथे कंपनीगणिक पद्धत बदलते आणि घरात दोन गाड्या असलेले लोक हमखास घोळ करतात. बीएमडब्ल्यूमध्ये इंजिन चालू ठेवून मोजतात. गाडी वीस-तीस मिनिटं चालवून पूर्ण गरम झालेली हवी, जागा सपाट हवी, गिअर पी मध्ये, मॅन्युअल असेल तर न्यूट्रलमध्ये, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नको. स्क्रीनवर गाडीच्या माहितीत जाऊन इंजिन ऑइलची मोजणी सुरू केली की साधारण एका मिनिटात आकडा येतो. ऑडीमध्ये याच्या उलट. ऑइल किमान ६० अंशांपर्यंत तापलेलं हवं, इंजिन बंद करायचं, दोन-चार मिनिटं थांबायचं, मग इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करून स्क्रीनवर पातळी बघायची. मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेलांत गरम इंजिन बंद करून ५ मिनिटं थांबायला सांगतात, आणि इंजिन पूर्ण तापलेलं नसेल तर ३० मिनिटं. त्यांच्या नव्या गाड्या चालताचालताच मोजतात आणि त्याला अर्धा तास लागू शकतो.

थांबायचं कशासाठी? इंजिन चालू असताना बरंचसं ऑइल वर हेडमध्ये, टायमिंग चेनच्या बाजूला आणि नळ्यांमध्ये फिरत असतं. बंद केल्यावर ते ओघळून चेंबरमध्ये उतरायला वेळ लागतो. बीएमडब्ल्यूचा संगणक वर किती ऑइल असेल याचा हिशेब धरून मोजतो, म्हणून तिथे इंजिन चालू लागतं. गरम-थंडाचा फरकही लहान नाही. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ५ लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० वर गेलं की २०० मिलिलिटरने वाढतं. कमाल आणि किमान खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत १ लिटरचंच अंतर असतं. म्हणजे नुसत्या तापण्याने काटा एक पंचमांश सरकतो.

सपाट जागा ही मुंबईतली सगळ्यात मोठी अडचण. पाली हिल किंवा मलबार हिलच्या उतारावर, सोसायटीच्या तळघराच्या रँपवर घेतलेला आकडा कामाचा नाही. सेन्सर चेंबरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर दूर असेल, तर अवघ्या ३ अंशांच्या कलाने तिथली पातळी जवळजवळ ८ मिलिमीटर वरखाली होते. स्टॅक पार्किंगच्या लोखंडी पाळण्यावर मोजणं तर नकोच, कारण ते बरेचदा एका बाजूला किंचित कललेले असतात आणि डोळ्यांना जाणवत नाही. पेट्रोल पंपावर हवा भरायची जागा बहुधा सपाट असते. गाडी तिथे पोहोचेपर्यंत गरमही झालेली असते. आम्ही तीच सुचवतो.

दुसरी अडचण छोट्या फेऱ्यांची. माहीमहून दादरला आणि परत एवढीच गाडी फिरत असेल, तर ऑइल पुरतं तापत नाही आणि स्क्रीन ‘मोजणी शक्य नाही’ असं सांगते किंवा मागच्या वेळचाच आकडा दाखवते. हा जुना आकडा फार फसवतो. स्क्रीन १ लिटर टाका म्हणते, माणूस १ लिटर टाकतो, आकडा बदलत नाही, म्हणून तो आणखी १ लिटर टाकतो. ऑइल जास्त भरलं गेल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. कमी ऑइलचा पिवळा दिवा लागलेला असताना नुसतं बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवलं, तरी संगणक समजतो की ऑइल टाकलं, आणि दिवा विझतो. ऑइल टाकलेलं नसेल तर तो साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा लागतो. म्हणजे काच धुवायचं पाणी भरायला चालकाने बॉनेट उघडलं आणि दिवा गेला, तर दुखणं गेलेलं नसतं.

टॉप-अप करताना स्क्रीनवरचा आकडा एकदम ओतू नये. १ लिटर मागितलं तर आधी अर्धा लिटर टाकावं, तेही मापाच्या भांड्याने आणि नरसाळ्याने, कारण बाटलीवरच्या रेघा कललेल्या हाताने कळत नाहीत. मग गाडी फिरवून, गरम करून, पुन्हा मोजावं. ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाड-पातळपणा, ५डब्ल्यू-३० आहे एवढं बघणं पुरेसं नाही. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राखेचं, म्हणजे जळल्यावर कमी राख उरणारं, ऑइल लागतं. डब्यावर बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, फोक्सवॅगन-ऑडीसाठी ५०७ ०० यांपैकी पुस्तकात दिलेला आकडा छापलेला हवा. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या नव्या इंजिनांत जाड ऑइल घालून ‘मुंबईच्या उकाड्यात हेच बरं’ म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. १ लिटरचा सीलबंद डबा डिकीत ठेवला तर ऐनवेळी चुकीचं ऑइल पदरात पडत नाही.

किती ऑइल खाल्लं तर ठीक, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ऑडीच्या पुस्तकांत १००० किलोमीटरला ०.५ लिटरपर्यंत आणि मर्सिडीजच्या पुस्तकांत ०.८ लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं आढळतं. कंपनीचं हे मन जरा मोठंच म्हणायचं. कारण त्या हिशेबाने १ लिटरचं सगळं अंतर सव्वा ते दोन हजार किलोमीटरमध्ये संपतं आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये पुष्कळ वेळा ऑइल टाकावं लागतं. दर १००० किलोमीटरला, एकाच जागी आणि एकाच पद्धतीने घेतलेला आकडा वहीत लिहून ठेवला, तर खप वाढतोय का हे कळतं.

दिव्यांचा फरक घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवा. पिवळा म्हणजे पातळी कमी, आज-उद्या ऑइल टाका. लाल ऑइलकॅन, म्हणजे ऑइलच्या बुधलीचं लाल चित्र, लागलं की ऑइलचा दाब गेला. लाल दिव्यावर ‘पुढच्या पंपापर्यंत नेतो’ म्हणून चालत नाही. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्याच्या मध्यावर लाल दिवा लागला तर पलीकडे पोहोचायची वाट बघू नये. डावीकडे कडेला घ्यावं, गाडी पूर्ण थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावं. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं तर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. मग टोइंग. दाबाविना इंजिन फिरलं की क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, बेअरिंगना काही मिनिटंही पुरतात आणि इंजिन जाम होतं. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लाल दिवा क्षणभर लुकलुकला, तर ऑइल इतकं खाली गेलं आहे की पंपाच्या तोंडाशी हवा येते, असं समजावं. पातळी बरोबर असतानाही लाल दिवा लागू शकतो, कारण पंपाची जाळी तुंबते, पंप जातो, कधी नुसता स्विच खराब होतो. ते ठरवायला प्रेशर गेज लावून दाब मोजावा लागतो. स्क्रीनवर ऑइल पुरेसं दिसतंय म्हणून गाडी सुरू करू नये.

जास्त ऑइल कमीइतकंच वाईट, हे मात्र लोकांना पटत नाही. पातळी फार वर गेली की क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, पंप फेस ओढतो, दाब पडतो आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, वाजू लागतात. इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरमधून ऑइल हवा ओढायच्या मार्गात, इनटेकमध्ये जातं, निळा धूर येतो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा काजळीचा फिल्टर खराब होतो.

कोणी ऑइल टाकलेलं नसताना पातळी वाढली तर जास्तच सावध व्हायला हवं. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर, डीपीएफ, सर्वत्र आला. तो साफ करायला इंजिन सिलिंडरमध्ये नेहमीच्या वेळेनंतर जादा डिझेल मारतं, जेणेकरून धूर तापून काजळी जळेल. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालणं लागतं. दादर ते बीकेसीच्या रांगेत ते होत नाही. सफाई अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये जातं. ऑइल पातळ होतं आणि पातळी चढते. स्क्रीन तर ‘कमाल’ दाखवते, आणि मालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही! महिन्यागणिक पातळी चढत असेल तर ऑइल बदला. फिलर कॅप उघडून वास घ्या, डिझेलचा वास स्पष्ट येतो. पंधरवड्यातून एकदा एक्स्प्रेस-वेवर गाडी सलग चालवा. ते जमणार नसेल तर शहरात डिझेल गाडी घेताना दोनदा विचार करा.

ऑइल बदलतानाची पद्धतही बदलायला हवी. पट्टी असताना मिस्त्री नजरेने भरायचा. इथे क्षमतेचा आकडा लागतो, आणि तोही फिल्टरसकट. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलला ५.२ लिटर, मर्सिडीजच्या ओएम६५१ ला ६.५ लिटर, ऑडी ए४ च्या त्या काळातल्या दोन लिटर टीएफएसआय पेट्रोल इंजिनाला ४.६ लिटर. चेंबर गरम असताना त्याच्या तळाचा, ऑइल काढायचा नट काढून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निथळू द्यावा. तरीही आत थोडं ऑइल राहतंच, म्हणून आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरावं. गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांत लाल दिवा विझला पाहिजे. मग गरम करून नव्याने मोजणी लावावी आणि उरलेलं टाकावं. नवीन मोजणी न लावता स्क्रीनवर दिसतो तो जुन्या ऑइलचा आकडा असतो. नटाचा वायसर दर वेळी नवा. जुनाच उलटा करून लावायची आपल्याकडची पद्धत चेंबरच्या आट्यांवर उठते, कारण गळू नये म्हणून मग नट जोरात आवळला जातो. धातूच्या चेंबरला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर पुरतात. फोक्सवॅगन गटाच्या काही नव्या इंजिनांचा चेंबर आणि नट दोन्ही प्लास्टिकचे आहेत, तिथे नटही दर वेळी बदलायचा असतो.

ऑइल जास्त झालं आणि पट्टीची नळीच नसेल, तर वरून नळी घालून ओढून काढता येत नाही. खालचं कव्हर काढून नटावाटेच काढावं लागतं. गरम ऑइल धारेने येताना ३०० मिलिलिटरला नट परत बसवायची सर्कस करण्यापेक्षा, ऑइल नवं असेल तर सगळं स्वच्छ मापी भांड्यात काढून मोजून परत भरणं सोपं आणि सुरक्षित.

सेन्सर बिघडला तर काय? स्क्रीनवर आकड्याऐवजी रेघा येतात किंवा सेन्सरचा दोष दिसतो. कारणं बहुधा साधी असतात. सॉकेटमध्ये ऑइल किंवा पाणी शिरतं, पार्किंगमधले उंदीर वायर कुरतडतात, खड्ड्यात किंवा उंच गतिरोधकावर चेंबरला खालून फटका बसतो. आधी सॉकेट आणि वायर तपासावी. सेन्सर बदलायचा तर ऑइल काढावंच लागतं, म्हणून ते काम ऑइल बदलायच्या वेळीच करावं आणि त्याचं रबर सील नवं घालावं. तोवर पातळी कळायला दोन मार्ग आहेत. ज्या इंजिनांना नळी आहे, तिथे वर्कशॉपची मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चालते, ऑडीसाठी टी४०१७८ या क्रमांकाची. तिच्यावर कमाल-किमान नसतं. आलेला आकडा इंजिनाच्या तक्त्याशी ताडावा लागतो. नळी नसेल तर ऑइल काढून मोजणं हा एकच उपाय. गाडीच्या सॉकेटला लावून तिचा संगणक वाचणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ओबीडी स्कॅनरकडून आशा ठेवू नका. त्यांच्या प्रमाणित यादीत ऑइलचं तापमान आहे, पातळी नाही. ती वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लागतो.

आणि पाऊस. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे गाडी बुडाली, तर ‘स्क्रीनवर ऑइलची पातळी बघतो’ म्हणून इग्निशन ऑन करू नका, बॅटरीची तार काढा. पट्टीवाल्या गाडीत पट्टीला लागलेला दुधाळ चॉकलेटी रंग बघून पाणी शिरल्याचं कळायचं, इथे ते दिसत नाही. गाडी उचलून गॅरेजात आणावी, काही तास हलवू नये आणि मग चेंबरचा नट हळूच सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे आत गेलं असेल तर नटातून पहिली धार पाण्याची येते. ती आली तर क्रँक न फिरवता ऑइल-फिल्टर बदलणं, प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर रिकामे करणं, हे सगळं आधी. पट्टीवाल्या गाड्यांनाही हेच लागू.

गाडीच्या कंपन्यांना आमची एक विनंती आहे. नळी आणि तिच्यात एक साधी पट्टी ठेवायला इंजिनाच्या किमतीच्या मानाने काहीच लागत नाही. सेन्सर ठेवाच, सोबत पट्टीही ठेवा. आणि सर्व्हिस सेंटरांनी जॉब कार्डवर ‘ऑइल ओके’ असा शिक्का मारण्याऐवजी मोजलेली पातळी, त्या वेळचं ऑइलचं तापमान आणि किती लिटर भरलं, एवढे तीन आकडे लिहून द्यावेत. ग्राहकांनीही ते तीन रकाने भरल्याशिवाय गाडीची चावी घेऊ नये.

आपले,
मोटार दुरुस्तीच्या धंद्यातले काही वाचक,
मुंबई